वाचकांचे प्रश्न : लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षातील लेखनाची तयारी

प्रश्न : मी पुण्यातून एलएल.बी. केले आणि सातारा जिल्ह्यात चार वर्षे दिवाणी वकिली केली. विवाहानंतर न्यू जर्सीत आले असून येत्या ऑगस्टमध्ये येथील एका लॉ स्कूलमध्ये तीन वर्षांच्या जे.डी. या कायद्याच्या पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश घेत आहे. करार, अपकृत्य, दिवाणी प्रक्रिया या विषयांची मला भीती वाटत नाही. परंतु ‘लीगल रायटिंग’ नावाचा एक विषय वर्षभर आहे आणि जुने विद्यार्थी सांगतात की सर्वांत जास्त वेळ तोच खातो. दावे, कैफियती, नोटिसा मी शेकड्यांनी लिहिल्या आहेत, पण त्यांतील बहुतेक मराठीत. हाताशी अडीच महिने आहेत. ब्लूबुक, म्हणजे निकालांचे व कायद्यांचे संदर्भ कसे द्यायचे याचे नियमपुस्तक, पाठ करून ठेवावे का? इंग्रजी व्याकरणाचा वर्ग लावावा का?

उत्तर : उत्तर आधी सांगते, कारण या विषयाची पहिली अट तीच आहे. ब्लूबुक पाठ करू नये आणि व्याकरणाचा वर्गही लावू नये. या अडीच महिन्यांत पाच-सहा निकालपत्रे मुळातून वाचावीत, प्रत्येकावर एक पान लिहावे आणि वकिलीत अंगवळणी पडलेला मांडणीचा क्रम मोडण्याचा सराव करावा. आपली अडचण भाषेची कमी आणि क्रमाची जास्त असणार आहे.

प्रथम या विषयात काय असते ते पाहू. अमेरिकन बार असोसिएशनच्या मान्यतेच्या निकषांनुसार प्रत्येक लॉ स्कूलला पहिल्या वर्षात एक आणि त्यानंतर किमान एक असा लेखनाचा अनुभव विद्यार्थ्यांना द्यावाच लागतो, त्यामुळे हा विषय कोठेही टळत नाही. बहुतेक ठिकाणी पहिल्या सत्रात मेमो लिहून घेतात आणि दुसऱ्या सत्रात ब्रीफ लिहून त्यावर तोंडी युक्तिवाद करायला लावतात. हे दोन्ही शब्द आपल्याला ओळखीचे वाटतील आणि दोन्ही फसवतील. आपल्याकडे ‘मेमो मिळाला’ म्हणजे साहेबांनी खुलासा मागितला, आणि ‘ब्रीफ आले’ म्हणजे पक्षकाराचे काम हाती आले. येथे मेमो म्हणजे वरिष्ठ वकिलासाठी लिहिलेले अंतर्गत टिपण : अमुक परिस्थितीत कायदा काय म्हणतो आणि न्यायालय बहुधा काय ठरवील. ब्रीफ म्हणजे न्यायालयात दाखल करायचा लेखी युक्तिवाद. भरीस भर म्हणून वर्गात वाचलेल्या निकालाचे विद्यार्थी जे टाचण काढतात त्यालाही ब्रीफच म्हणतात, तेव्हा पहिल्या आठवड्यात कोणी ‘ब्रीफ झाले का’ असे विचारले तर ते या टाचणाबद्दल विचारत आहेत असे समजावे.

आता क्रमाविषयी. आपण लिहिलेला कोणताही दावा डोळ्यांपुढे आणा. वादी कोण, प्रतिवादी कोण, दावा मिळकतीचे वर्णन, तिच्या चतुःसीमा, मूळ पुरुषापासूनची वंशावळ, वाद कसा उद्भवला, दाव्यास कारण कोठे व केव्हा घडले, न्यायालयाची हद्द, कोर्ट फी, आणि सर्वांत शेवटी विनंतीचे कलम. न्यायाधीशांना ही रचना ठाऊक असते म्हणून ते आधी शेवटचे पान उलटतात. मेमोत हे सगळे उलटे होते. प्रारंभी प्रश्न एका वाक्यात, लगेच खाली त्याचे थोडक्यात उत्तर व त्याचे मुख्य कारण, मग हकिकत, मग चर्चा, मग निष्कर्ष. चर्चेच्या आतही ठरलेला क्रम असतो : मुद्दा, त्याला लागू होणारा नियम, तो नियम या हकिकतीला लावून दाखवणे आणि मुद्द्यापुरता निष्कर्ष. या चौकडीच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून येथे तिला ‘आयरॅक’ म्हणतात. काही प्राध्यापक निष्कर्ष आरंभीच मांडायला लावणारा ‘क्रिॲक’ हा प्रकार शिकवतात. आपले प्राध्यापक यांपैकी जो सांगतील तो निमूटपणे पाळावा; त्यावर वाद घालण्यात पहिले सत्र घालवणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

मी स्वतः मुंबईत काही वर्षे काम करून येथे शिकायला आले होते. माझा पहिला मेमो मी मोठ्या आत्मविश्वासाने दिला. हकिकत तारीखवार, एकही दुवा न सोडता, अगदी आमच्या सिनियरांना आवडेल अशी. तो परत आला तेव्हा समासात प्राध्यापकांनी बारीक अक्षरात एवढेच लिहिले होते की आपले उत्तर मला चौथ्या पानावर सापडले. व्याकरणाची एकही खूण नव्हती.

अनुभवी वकिलाला आणखी एक गोष्ट जड जाते. चार वर्षे आपण कोणाची तरी बाजू लढवली आहे. मेमोत बाजू नसते. वरिष्ठाला खटला घ्यावा की तडजोड सुचवावी हे ठरवायचे असते, त्यामुळे आपल्या पक्षकाराच्या विरुद्ध जाणारा निकाल लपवला तर त्याचेच नुकसान होते. म्हणून ‘निःसंशय’, ‘उघडच’, ‘धादांत खोटे’ हे आपल्या कैफियतीतले लाडके शब्द येथे चालत नाहीत, आणि ‘बहुधा’ हा शब्द भित्रेपणाचा मानला जात नाही. मात्र त्या ‘बहुधा’मागचे कारण त्याच वाक्यात यावे लागते. दुसऱ्या सत्रात ब्रीफ लिहिताना बाजू घ्यायची मुभा मिळते, तेव्हा आपला अनुभव कामी येईल. तोवर तो गुंडाळून ठेवावा.

हे सारे एका उदाहरणावरून दाखवते, कारण त्याखेरीज ते पटत नाही. कराराच्या वर्गात पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांना ‘लूसी विरुद्ध झेमर’ हा व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९५४ चा निकाल वाचावा लागतो. डिसेंबर १९५२ मधील एका रात्री लूसी हा झेमरच्या उपाहारगृहात व्हिस्कीची बाटली घेऊन गेला. झेमरच्या मालकीच्या ४७१.६ एकरांच्या शेतावर त्याचा डोळा होता आणि काही वर्षांपूर्वीही त्याने ते मागितले होते. बोलता बोलता ५०,००० डॉलरचा आकडा निघाला आणि झेमरने उपाहारगृहाच्या बिलाच्या मागे विक्रीचा मजकूर लिहिला. आधी ‘मी’ असे लिहिले होते. पत्नीचीही सही हवी म्हणून तो कागद टाकून ‘आम्ही’ असे लिहून दुसरा केला. झेमर पती-पत्नींनी सह्या केल्या, लूसीने कागद खिशात घातला आणि व्यवहार पक्का म्हणून पाच डॉलर पुढे केले, ते झेमरने घेतले नाहीत. पुढे झेमर म्हणाला, ती सगळी नशेतली थट्टा होती. खालच्या न्यायालयाने लूसीचा दावा फेटाळला, वरच्या न्यायालयाने तो मान्य केला. मनात काय होते याला महत्त्व नाही, शब्दांवरून आणि वागण्यावरून समंजस माणसाला काय वाटले असते ते पाहायचे, हा त्यातला नियम.

त्याच्याशेजारी न्यूयॉर्कच्या संघीय जिल्हा न्यायालयाचा १९९९ चा ‘लिओनार्ड विरुद्ध पेप्सिको’ हा निकाल ठेवा. पेप्सीच्या बाटल्यांवर पॉइंट मिळत आणि त्यांवर शर्ट, गॉगल अशा वस्तू मिळत. दूरचित्रवाणीवरील जाहिरातीच्या शेवटी एक शाळकरी मुलगा हॅरियर लढाऊ विमानातून शाळेत उतरतो आणि पडद्यावर ‘७०,००,००० पॉइंट’ असे झळकते. पॉइंट दहा सेंटला एक या दराने विकतही घेता येत होते. लिओनार्डने हिशेब करून ७,००,००८.५० डॉलरचा धनादेश पाठवला आणि विमान मागितले. न्यायालयाने इतर कारणांबरोबर हेही सांगितले की सुमारे २.३ कोटी डॉलरचे विमान या भावात देऊ केले आहे असे कोणत्याही समंजस माणसाला वाटले नसते. नियम तोच, निकाल उलट.

आता तिसरी, काल्पनिक हकिकत घ्या. न्यू जर्सीतील एडिसनमध्ये एका घरी गणपतीची जेवणे आटोपली आहेत. यजमान पाहुण्याच्या चेष्टेला उत्तर म्हणून कागदी पत्रावळीच्या मागे ‘माझी टोयोटा यांना ९,००० डॉलरला दिली’ असे लिहून सही करतात. सगळे हसतात. गाडीचा बाजारभाव ११,००० डॉलरच्या आसपास आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणा धनादेश घेऊन दारात उभा. करार झाला का? पहिल्या सत्रातील मेमोचे स्वरूप नेमके असे असते : दोन-तीन निकाल प्राध्यापकच देतात, त्यांच्या बाहेर जायचे नाही, आणि नवीन हकिकतीला ते लावून दाखवायचे. अशा मेमोला बंद मेमो म्हणतात. पुढे जेव्हा निकाल स्वतः शोधायचे असतात तेव्हा तो खुला मेमो होतो.

नवखा विद्यार्थी लिहितो : ‘लूसीच्या खटल्यात सही होती आणि करार मानला गेला. येथेही सही आहे, म्हणून करार झाला.’ हे वाक्य चूक नाही, ते रिकामे आहे. त्याऐवजी असे लिहून पाहा : ‘लूसीच्या खटल्यात बोलणी तीस-चाळीस मिनिटे चालली, मजकूर दुरुस्त करून पुन्हा लिहिला गेला आणि पत्नीची सही मिळवली गेली, ही सावकाशी थट्टेत दिसत नाही. आपल्या यजमानांनी मात्र दोन मिनिटांत एक ओळ लिहिली आणि तीत काहीच बदलले नाही, ही गोष्ट त्यांच्या बाजूने जाते. तथापि ९,००० डॉलर हा भाव बाजारभावाच्या इतका जवळ आहे की पेप्सिकोच्या खटल्यातील विमानाप्रमाणे तो ऐकताक्षणी हास्यास्पद ठरत नाही.’ आता प्रत्येक हकिकतीतील एकेक तपशील दुसऱ्यासमोर उभा राहिला. निष्कर्ष कोणताही काढलात तरी गुण या तुलनेला मिळतात. भाव ९,००० ऐवजी ९ डॉलर केला तर कोणता परिच्छेद कोलमडतो, हेही एकदा लिहून पाहावे. या एका प्रयोगाने मी जेवढे शिकले तेवढे कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकाने शिकवले नाही.

या हकिकतीत आणखी दोन सापळे आहेत. एक, घटना न्यू जर्सीतील असल्यामुळे वरील दोन्ही निकाल तेथील न्यायालयावर बंधनकारक नाहीत. व्हर्जिनिया हे दुसरे राज्य आहे, आणि न्यूयॉर्कच्या संघीय जिल्हा न्यायालयाचा निकाल न्यू जर्सीच्या राज्य न्यायालयाला मार्गदर्शक म्हणून वाचता येतो, आज्ञा म्हणून नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की साताऱ्यात ते पाळायचे, ही सरळ उतरंड आपल्या मनात पक्की आहे. येथे पन्नास राज्यांच्या पन्नास उतरंडी आणि संघीय न्यायालयांची आणखी एक आहे. न्यायालयांच्या रचनेचा एक तक्ता आधीच काढून भिंतीवर लावावा, ही मी सुचवीन ती एकमेव पाठांतराची गोष्ट. दुसरा सापळा हुशार विद्यार्थ्यांसाठी आहे. मोटार हा ‘माल’ आहे आणि ५०० डॉलर वा त्याहून अधिक किमतीच्या मालाच्या विक्रीला सर्वसाधारणपणे सहीचा लेख लागतो, हा नियम आठवला की आपण पत्रावळीवर दोन पाने लिहू लागतो. प्रश्न थट्टेचा विचारला असेल तर थट्टेचेच उत्तर द्यावे आणि दुसरा मुद्दा फार तर एका ओळीत नोंदवावा.

वाचनाबद्दल. निकाल वाचताना वरचे हेडनोट, म्हणजे प्रकाशकाने दिलेला सारांश, वाचून पुढे जाण्याची सवय आपल्याकडे एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर) हे निकालांचे खंड वाचताना लागलेली असते. येथेही प्रकाशक हेडनोट देतात आणि येथेही ते न्यायालयाचे शब्द नसतात. त्यांतून उद्धृत केलेले वाक्य प्राध्यापकांच्या नजरेतून सुटत नाही. निकालपत्र दोनदा वाचावे. पहिल्यांदा फक्त कोण जिंकले आणि खालच्या न्यायालयात काय झाले होते एवढे पाहावे. दुसऱ्यांदा, निकाल ज्यावर टेकला आहे ते तपशील पेन्सिलीने अधोरेखित करावेत. कॉर्नेल विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कायदे व सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आणि गूगल स्कॉलरवर राज्यांचे निकाल विनामूल्य मिळतात. वेस्टलॉ आणि लेक्सिस या निकालांच्या सशुल्क संग्रहांसाठी आत्ता पैसे घालू नयेत, कारण प्रवेश झाल्यावर लॉ स्कूलच त्यांची खाती उघडून देते.

ब्लूबुकचे म्हणाल तर ते हार्वर्ड, येल, कोलंबिया आणि पेनसिल्व्हेनिया या चार विद्यापीठांची कायदा नियतकालिके मिळून काढतात. ते शब्दकोशासारखे वापरायचे असते. ते घेण्याचीही घाई करू नये. आवृत्ती बदलते, आणि काही प्राध्यापक त्याऐवजी दुसरी पद्धत वापरतात. सुरुवातीची निळ्या रंगाची पाने वकिली लेखनासाठी आणि नंतरची पांढरी पाने नियतकालिकांतील लेखांसाठी असतात. पहिल्या वर्षी आपले काम निळ्या पानांत आहे, हे कळायला मला दीड महिना लागला. संदर्भ वाचता येणे मात्र आत्ताच शिकून घ्यावे. ‘८४ एस.ई.२डी ५१६’ याचा अर्थ साउथ ईस्टर्न रिपोर्टर, दुसरी मालिका, खंड ८४, पान ५१६ : हाच आपला लूसी. आपल्याकडच्या ‘एआयआर १९७३ एससी १४६१’ मध्ये वर्ष आधी येते, येथे ते शेवटी कंसात जाते. फरक एवढाच असला तरी हात लवकर वळत नाही.

भाषेबद्दल थोडेच सांगते. आपले इंग्रजी अडणार नाही. अडतील ते दस्तऐवजांतून आलेले जोडशब्द आणि ‘सबब’, ‘येणेप्रमाणे’, ‘उपरोक्त’ यांचे इंग्रजी अवतार, जे आपण अभावितपणे वापरतो. एका वाक्यात एकच विधान ठेवावे आणि कर्ता क्रियापदाजवळ असावा. ‘करार करण्यात आला’ असे लिहिण्याआधी तो कोणी केला हे विचारावे, कारण कायद्यात बहुधा तोच प्रश्न असतो.

एक गोष्ट जरा कठोरपणे सांगावीशी वाटते. आपल्या चेंबरमध्ये जुन्या दाव्याची फाइल उघडून नावे, गट नंबर आणि तारखा बदलण्यात कोणालाच गैर वाटत नाही, आणि दिवसाला पाच अर्ज लिहायचे असतील तर दुसरा इलाजही नसतो. लॉ स्कूलमध्ये दुसऱ्याचे एक वाक्य अवतरणचिन्हांशिवाय आले तरी चौकशी होते, आणि तिची नोंद पुढे वकिलीच्या सनदेच्या वेळी चारित्र्य तपासणीत उघडी करावी लागू शकते. मेमोवर मैत्रिणीशी बोलण्याचीही काही ठिकाणी बंदी असते. नियम लेखी असतात. पहिल्या दिवशी ते वाचून काढावेत.

सत्र सुरू झाल्यावर मसुदा देण्याच्या तारखेच्या दोन दिवस आधी पुरा करता येईल असा बेत ठेवावा. या विषयात गुण पहिल्या मसुद्यात नसतात. मधली रात्र गेली की आपलेच वाक्य दुसऱ्याचे वाटते आणि कापायला हात धजावतो. आत्ताच्या अडीच महिन्यांतील प्रत्येक एकपानी टिपणालाही हेच करावे : लिहावे, दोन दिवस झाकून ठेवावे आणि मग त्याचा एक तृतीयांश भाग काढून टाकावा.

प्रश्न : माझी मुलगी अकोल्यात बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि आता पाच वर्षांच्या बी.ए. एलएल.बी. अभ्यासक्रमाला जात आहे. तेथे पहिल्याच वर्षी निकालांवर लेखी प्रकल्प द्यावा लागतो असे समजते. तिला इंग्रजीत लिहिण्याची धास्ती वाटते. सुट्टीत तिने काय करावे?

उत्तर : मराठीत विचार करता येतो ही अडचण नव्हे. महाराष्ट्रात तालुका व जिल्हा न्यायालयांत मराठी चालते, आणि पुढे वकिली करायची असेल तर हीच तिची शिदोरी आहे. परंतु संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांची भाषा इंग्रजी असल्याने मूळ निकाल इंग्रजीतच वाचावे लागतील.

सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या जानेवारीत ई-एससीआर हा आपल्या निकालांचा विनामूल्य संग्रह खुला केला. तेथे अनेक निकालांचे मराठी अनुवादही मिळतात. मुलीने एक निकाल निवडून आधी मराठी अनुवाद आणि मग तेच परिच्छेद इंग्रजीत, असे शेजारी ठेवून वाचावे. अनुवाद केवळ समजण्यासाठी असतो, उद्धृत करण्यासाठी मूळ इंग्रजीच घ्यावे लागते, हे तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. मात्र शब्दांची जोडी मनात बसायला यासारखा दुसरा उपाय नाही : ‘अपीलकर्ता’, ‘प्रत्यर्थी’, ‘गृहीतक’, ‘बंधनकारक’ हे शब्द आठ-दहा निकालांत इंग्रजीतही ओळखीचे होतात.

निकाल कोणता घ्यावा? आपल्या शेजारच्या खामगावचा घ्या. ‘भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल पुरुषोत्तमदास’, एआयआर १९६६ एससी ५४३. अहमदाबादच्या पेढीने २२ जुलै १९५९ रोजी दूरध्वनीवरून खामगावच्या जिनिंग-तेल गिरणीला सरकीच्या पेंडीची मागणी दिली, गिरणीने ती फोनवरच स्वीकारली आणि माल दिला नाही. पेढीने ३१,१५० रुपयांचा दावा अहमदाबादला लावला. गिरणी म्हणाली, होकार आम्ही खामगावात दिला, तेव्हा करार खामगावात झाला आणि अहमदाबादच्या न्यायालयाला हद्द नाही. बहुमताने ठरले की फोनवरचा होकार जेथे ऐकू येतो तेथे करार पुरा होतो, म्हणून अहमदाबाद. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी मतभेद नोंदवला : १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ४ चे शब्द पाहता होकार उच्चारला तेथेच, म्हणजे खामगावात करार पुरा होतो.

एकाच हकिकतीवर दोन बाजू इतक्या स्वच्छ लिहिलेल्या क्वचित मिळतात. मुलीने आधी मराठीत पाच वाक्ये लिहावीत : वाद काय, नियम कोणता, बहुमत काय म्हणते, मतभेद काय म्हणतो, आणि तिला स्वतःला कोणते पटते व का. नंतर तीच पाच वाक्ये इंग्रजीत लिहावीत. पाचवे वाक्य तिला सर्वांत अवघड जाईल, आणि प्रकल्पात नेमके तेच विचारले जाते. मग तिला विचारा की होकार व्हॉट्सॲपवर दिला असता तर काय झाले असते. जेवताना घरात थोडा वाद होऊ द्यावा.

जुने फौजदारी निकाल वाचताना एक काळजी घ्यावी. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली असून खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ आता कलम १०३ झाले आहे. निकालात जुने कलम असेल तर ते तसेच लिहून पुढे नवे नमूद करावे. मूळ निकालातील आकडा परस्पर बदलू नये.

प्रश्न : मी ठाण्यात तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या गटातील काही जण लेखी काम एआयकडून करून घेतात आणि त्यातील निकालांची नावे थेट उतरवतात. यात मोठी जोखीम आहे का?

उत्तर : आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय जिल्हा न्यायालयात ‘माटा विरुद्ध एव्हियांका’ या खटल्यात वकिलांनी अशाच साधनाने पुरवलेले निकाल लेखी युक्तिवादात दिले. विरुद्ध पक्षाला ते कोठेच सापडेनात. न्यायालयाने प्रती मागितल्या, तेव्हा वकिलांनी त्याच साधनाने रचलेला मजकूर निकाल म्हणून दाखल केला. ते निकाल अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड ठोठावला आणि ज्या न्यायाधीशांच्या नावावर ते खोटे निकाल खपवले गेले होते त्यांना पत्रे पाठवण्याचा आदेश दिला. दंडाचे कारण साधन वापरले हे नव्हते. न वाचता सही केली आणि विचारल्यावरही मागे घेतले नाही, हे होते.

तुमच्या पातळीवर याहून छोटी पण रोजची हानी अशी की नियम लावून दाखवण्याचा जो भाग शिकण्यासाठी हे लेखन दिलेले असते, तोच दुसऱ्याकडे जातो. स्वतः लिहिलेल्या परिच्छेदातील इंग्रजी तपासून घ्यायचे असेल तर आधी महाविद्यालयाचा नियम विचारावा.

निकाल कोठूनही कळलेला असो, वहीत उतरवण्यापूर्वी तो ई-एससीआरवर किंवा ग्रंथालयातील मूळ खंडात उघडावा, पक्षकारांची नावे, वर्ष आणि पान जुळते का ते पाहावे, आणि ज्या वाक्यासाठी तो वापरायचा आहे ते वाक्य ज्या परिच्छेदात आहे त्याचा क्रमांक समासात लिहावा. त्यानंतर तो निकाल पुढे फिरवला गेला आहे का हे महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्रा या ऑनलाइन निकालसंग्रहांवर पाहता येते. ज्या निकालाचा परिच्छेद क्रमांक सापडत नाही, तो यादीतून काढून टाकावा.